पाइंट लागला

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. शब्दाने आपली कहाणी सांगायला बसावे हे माझे मलाच थोडे अवघड वाटते. छत्री, रुपया, पडकी विहीर यांच्या कहाण्या तुम्ही ऐकल्या असतील. त्यांना निदान अंग आहे, अंगावर ओरखडे आहेत, ते दाखवता येतात. मी मात्र कुणी तोंड उघडले की असतो आणि मिटले की नसतो. त्यामुळे मला उसंत अशी कधी मिळालीच नाही. एका तोंडात जरा टेकावे, तोवर दुसरे कुणी मला उचलते आणि भलत्याच कामाला लावते. माझे बोलणे कंटाळवाणे झाले तर तुम्ही मध्येच उठून जा, मी वाईट वाटून घेणार नाही. पण सांगितल्यावाचून मला चैन पडणार नाही, कारण गेल्याच आठवड्यात लोणावळ्याच्या एका शाळेत माझ्यामुळे एका मुलीला सारा वर्ग हसला.

इंग्रजीत मला 'पॉइंट' म्हणतात. मावळात मी 'पाइंट' झालो. मला दोन्ही चालते.

सध्या या दुसऱ्या लढाईमुळे कागद मिळत नाही, म्हणून मोठ्या वर्गातली मुलेसुद्धा पाटीवर लिहितात. केशव गुरुजींनी फळ्यावर मला इंग्रजी अक्षरांत लिहिले आणि विचारले, "याचा अर्थ कोण सांगेल? येतील तेवढे सांगा. हा शब्द फार हिंडलेला आहे."

मुले भराभर बोलू लागली.

"पेन्सिलीचं टोक."

"टिंब, गुरुजी."

"खंडाळ्याला साहेबलोक दरी बघायला जातात ती जागा."

एका मुलाचे वडील वडगावच्या कोर्टात कारकून होते. तो म्हणाला, "वकील म्हणतात, माझा पॉइंट एवढाच आहे. आणि मग जेवायची सुट्टी होईपर्यंत बोलतात."

गुरुजी हसले. "म्हणजे मुद्दा. बरोबर आहे. आणखी?"

मागच्या बाकावरून शालू उठली. शालू ही एका पेन्शनीत निघालेल्या रेल्वेवाल्याची नात. ती वर्गात फारशी बोलत नसे. ती म्हणाली, "पाइंट म्हंजे हाक, गुरुजी."

"हाक?"

"आमची आजी आजोबांना मारती ती."

वर्गात हसू फुटले. पुढच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "माझे काका इंजिनावर असतात. त्यांना आता इंजिन म्हणून हाक मारतो." मग तर मुलांना हसू आवरेना. शालू खाली बसली ती मान वर करीना.

गुरुजी हसले नाहीत. खडू हातात तसाच धरून ते खिडकीबाहेर पाहत राहिले. ते का हसले नाहीत, हे त्या वर्गात फक्त मला ठाऊक होते. तेच सांगायचे आहे. मला ते नीट साधेल की नाही, देव जाणे.

मी या भागात रेल्वेबरोबर आलो. त्या काळी खंडाळ्याच्या खाली, ऐन घाटात, एक स्टेशन होते. तिथला चढ असा होता की गाडी एका दमात सरळ वर येऊच शकत नसे. ती त्या स्टेशनात येऊन थांबायची. मग इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, आणि आली त्याच्या उलट तोंडाने गाडी पुढचा चढ चढायची. साहेबांनी त्याला मोठे नाव दिले होते. घाटातले लोक त्याला उलटे ठेसन म्हणत.

तिथे मी लोखंडाचा होतो. एका रुळावरची गाडी दुसऱ्या रुळावर घालायची तर रुळाची एक निमुळती जीभ सरकवावी लागते. ती जीभ म्हणजे मी. शहाणी माणसे मला सांधा म्हणत, आणि मला सरकवणारा जड दांडा ज्याच्या हाती, त्याला सांधेवाला. रेल्वेच्या चाळीत मात्र सगळे त्याला पाइंटमनच म्हणत.

परंदवडीचा रखमाजी असा पाइंटमन होता. त्याचा जोडीदार हौशीराम. त्यांच्या कामाची एक रीत होती, ती तुम्ही ध्यानात ठेवा. रखमाजीने दांडा ओढायचा. हौशीरामने पलीकडे रुळाशी वाकून बघायचे, की जीभ घट्ट बसली आहे, मध्ये खडा अडकलेला नाही. रखमाजी ओरडून विचारायचा, "पाइंट लागला का?" हौशीराम उत्तर द्यायचा, "लागला." ते उत्तर कानावर पडेपर्यंत रखमाजी दांड्यावरचा हात काढत नसे. धुक्यात हौशीराम दिसायचा नाही, पावसात त्याचा आवाज पोचायचा नाही. अशा वेळी रखमाजी तसाच दांडा धरून पुन्हापुन्हा विचारत उभा राहायचा.

त्याची बायको धोंडाबाई. लग्न होऊन ती परंदवडीच्या घरी आली तेव्हा बायकांनी रीतीप्रमाणे दार अडवले. नवऱ्याचे नाव उखाण्यात घे, मग उंबरा ओलांड. तिच्या बरोबरीच्या मुलींना लांबलचक उखाणे पाठ होते. हिने दोनदा "चांदीच्या ताटात" म्हटले, आणि ताटात पुढे काय ठेवायचे तेच तिला आठवेना.

रखमाजीची चुलती झुंबरबाई म्हणाली, "ताट रिकामंच ऱ्हायलं की गं. आमच्या पोराला उपाशी ठेवतीस का काय?"

बायका हसहसून दमल्या. शेवटी सासूनेच तिचा हात धरून तिला आत घेतले. ते हसणे धोंडाबाईच्या मनातून गेले नाही. त्यानंतर कुणी नाव घ्यायला सांगितले की ती कामाचे निमित्त काढून उठून जाई. आणि साधे, नुसते नाव तर तोंडातून काढायचेच नव्हते. तसे केले की नवऱ्याचे आयुष्य घटते, असे तिच्या आईने तिला सांगितले होते.

मग नवऱ्याला म्हणायचे काय? शेजारणी कुणी धनी म्हणत, कुणी कारभारी. धोंडाबाईच्या जिभेवर ते बसेना. ती नुसती "अवं" म्हणे. चाळीत एक "अवं" ऐकला की चार दारांतून चार पुरुष बाहेर डोकावत.

एकदा ती भाकरी घेऊन उलट्या ठेसनात गेली. रखमाजीने तिला दांडा दाखवला.

"ह्यो वडला की गाडी तिकडं. सोडला की हिकडं."

"म्हंजी गाडी तुमचं आइकती?"

"गाडी कुटली आइकती. पाइंट आइकतो."

"बरं हाय. घरात तुमचं कोन आइकत न्हाई, हितं तरी कोनतरी हाय."

हौशीराम पलीकडे वाकल्या वाकल्याच हसला. तेवढ्यात गाडी आली. रखमाजीने दांडा ओढला आणि विचारले, आणि हौशीरामचे "लागला" येईपर्यंत त्याचे सारे अंग त्या दांड्याला जणू खिळून राहिले. धोंडाबाई डोक्यावरची भाकरीची पाटी तशीच धरून बघत होती.

त्या संध्याकाळी चाळीत तिने हाक मारली, "पाइंटमन, हातपाय धुऊन घ्या."

मी दचकलो. मी परमुलखातला, टोकाचा आणि टिंबाचा शब्द. इतक्या जवळच्या जागी मला कुणी बसवले नव्हते. ही जागा मला झेपेल का, ही शंका मला तेव्हापासून होती. पण ती रोज हाक मारीत गेली आणि तो रोज ओ देत गेला.

मग साथीचे वर्ष आले. पहिली लढाई संपत आली होती आणि ताप-खोकल्याची साथ गाडीच्या वाटेने गावोगाव पसरत होती. धोंडाबाई भातकापणीसाठी परंदवडीला गेली होती. कापायला माणसे मिळत नव्हती. पिकले भात उभेच होते. एके दिवशी बांधावर हौशीराम आला. तो स्वतःच आजारातून उठलेला, काठी टेकत आलेला.

"वैनी, रखमाजीभाऊला तापात उचलून नेला," तो म्हणाला. "मी बी पडलो हुतो. मला आजच कळलं."

"कुटं नेला?"

"लोनावळ्याला म्हनत्यात. कोन म्हनतं, पुन्याला. नक्की ठाव न्हाई."

तिने विळा बांधावर ठेवला आणि निघाली. परंदवडीहून सोमाटणे, सोमाटण्याहून तळेगाव स्टेशन. सारी वाट ती चालत गेली आणि सारी वाट ती ओठातल्या ओठात मला म्हणत होती. "पाइंटमन. पाइंटमन." गाडीत कुणी कुणाशी बोलत नव्हते, तिथेही ती मला म्हणत होती. मी तिच्या ओठांवर येई आणि परत आत जाई, येई आणि जाई. इतका बेचैन मी पुढेमागे कधीच झालो नाही.

लोणावळ्याला एका धर्मशाळेत आजाऱ्यांची सोय केली होती. दारात एक तरुण उभा होता. हा पुण्याच्या कॉलेजातला विद्यार्थी. साथीमुळे कॉलेज बंद पडले म्हणून घरी आलेला, आणि आपल्या मनाने इथे कामाला लागलेला. नाका-तोंडाला रुमाल बांधलेला, डोळे जागरणाने लाल. त्याचे नाव केशव.

"कुणाला बघायचंय, मावशी?"

"पाइंटमनला."

"नाव काय?"

"पाइंटमन."

"तो हुद्दा झाला, मावशी. मी नाव विचारतोय."

"उलट्या ठेसनाचं पाइंटमन."

"तिथलेही आणलेत. एक नाही, काही जण. त्यातला एक काल गेला."

धोंडाबाईने दाराची चौकट धरली. "कोनचा?"

"तेच तर मला सांगायचंय. पण नाव कळल्याशिवाय काय सांगू?"

"मी आत जाऊन बघती."

"असं कुणालाही आत सोडता येत नाही. उद्या तुम्हीच पडाल. नाव सांगा, मी स्वतः शोधून येतो."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझा कमीपणा कळला. मी कोशात मोठा आहे, माझ्यापुढे अर्थांची रांग आहे. पण एका माणसाला गर्दीतून वेगळे काढायला मी पुरा पडत नव्हतो. त्यासाठी त्याचे नाव हवे होते. ते तिच्या घशापर्यंत येत होते, मी ते बघत होतो. आणि तो आत असा पडलेला, दोरीसारखे बारीक झालेले त्याचे आयुष्य. नाव काढले आणि ती दोरी तुटली तर?

पाण्याची घागर घेऊन एक बाई दाराशी आली. तिचे नाव कस्तुराबाई. ती आत आजाऱ्यांना पाणी पाजण्याचे काम करी.

"का गं खोळंबलीस?"

"नाव घ्या म्हनत्यात," धोंडाबाई म्हणाली.

"मग घे."

"त्ये आत पडल्यात आन मी त्यांचं नाव काढू? हाय तेवढं बी..."

केशव म्हणाला, "अहो, ही काय वेळ आहे का असल्या गोष्टींची?"

"तू गप रं दादा," कस्तुराबाई म्हणाली. "तुजं लगीन झाल्यावर बोल." मग ती धोंडाबाईकडे वळली. "उखान्यात घे की. उखान्यात घेतल्यानं कुनाचं कायबी व्हत न्हाई."

"मला येत न्हाई. लग्नात बी आला न्हवता."

"हितं हसाय कोन बसलंय?"

ते खरे होते. तिथे हसायला कुणी नव्हते. आतून खोकल्याचे आवाज येत होते आणि अंगणात कुणीतरी भिंतीला टेकून बसले होते. धोंडाबाईने डोळे मिटले. पुन्हा एकदा दार अडले होते, आणि या वेळी हात धरून आत न्यायला सासू नव्हती. तिने पदर डोक्यावर नीट ओढून घेतला. नवी नवरी घेते तसाच. आणि अडखळत म्हणाली,

"उलट्या ठेसनात गाडी थांबली, पाइंटानं दिली वाट,
रखमाजीरावांच्या संगतीनं चढले खंडाळ्याचा घाट."

तिच्या आयुष्यातला तो पहिला उखाणा. तो तिने पाठ केलेला नव्हता. तो तिथेच, त्या दारात तयार झाला होता, आणि त्यात ती मलाही विसरली नव्हती.

केशवने आजाऱ्यांच्या यादीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवले. मग हळूच म्हणाला, "मावशी, रखमाजी हे नाव इथं कुणीच सांगितलेलं नाही. घाटातले बहुतेक बेशुद्धच आले. आपलं नाव सांगण्याच्या अवस्थेत ते नव्हतेच."

एवढे कष्टाने काढलेले नाव असे दारातच पडून राहिले. धोंडाबाई खाली बसली.

कस्तुराबाई घागर उचलता उचलता थांबली. "काम काय करतो म्हनलीस तुजा?"

"पाइंटमन."

"आत एक हाय. नावगाव कायबी ठाव न्हाई. सारखा उजवा हात वडतो. असा. पानी पाजाय गेलं तर माझ्याच हाताला धरून वडतो, आन काय पाइंट पाइंट म्हनतो. मला वाटलं वातात बरळतोय."

धोंडाबाई उठली. या वेळी केशवने तिला अडवले नाही. उलट तोच पुढे झाला आणि वाट काढत तिला आत घेऊन गेला.

भिंतीकडेला घोंगडीवर रखमाजी होता. गाल बसलेले, डोळे अर्धे मिटलेले. त्याचा उजवा हात हवेत उठत होता, काहीतरी घट्ट धरत होता आणि छातीकडे ओढत होता. ओढून तिथेच ताठ राहत होता. ओठ हलत होते. "पाइंट लागला का? लागला का?" उत्तर येत नव्हते. हौशीराम तिथे नव्हता. मग हात थकून खाली पडे आणि पुन्हा उठे.

कस्तुराबाई म्हणाली, "दोन दिस झालं, असंच चाललंय. डोळ्याला डोळा न्हाई. ह्या हातामुळंच जायचा ह्यो."

इतक्या माणसांनी ते बरळणे ऐकले होते. तो प्रश्न आहे, हे कुणाला कळले नव्हते. धोंडाबाई त्याच्या उशाशी बसली. हवेत ताठ धरलेली त्याची मूठ तिने आपल्या दोन्ही हातांत घेतली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली,

"लागला, पाइंटमन. सोडा दांडा."

मूठ सैल झाली. हात तिच्या मांडीवर उतरला आणि तिथेच राहिला. ओठही थांबले. तशी धोंडाबाई त्याच्या तोंडावर वाकली. आपण मघाशी नाव काढले म्हणूनच हे झाले, असे तिच्या मनात आले असणार, कारण ती केशवकडे बघू लागली. कस्तुराबाईने पुढे होऊन रखमाजीच्या नाकाशी बोटे धरली. बराच वेळ धरली.

"झोपला गं," ती म्हणाली. "झोप लागली त्याला."

त्या झोपेतून तो उठला तो पाणी मागत. अंगात ताकद यायला पुढे होळी उजाडली, पण तो वाचला.

त्यालाही आता कितीतरी वर्षे झाली. घाटात नवे बोगदे झाले, नवी वाट झाली आणि उलटे ठेसन बंद पडले. तिथला दांडा काढून नेला. तिथली माझी लोखंडी जीभ कुठे गेली, मला ठाऊक नाही. रखमाजी लोणावळ्याच्या यार्डात काम करून पेन्शनीत निघाला. आता ती दोघे बाजारामागे दोन खोल्यांत राहतात आणि नात शालू त्यांच्याजवळ शिकायला असते. मी अजून तसाच भटकतो आहे. कोर्टात जातो, शाळेत जातो, साहेबाबरोबर कड्यावर जातो. कुठे मन लागत नाही. दिवसातून दोन-चार वेळा त्या बाजारामागच्या खोलीतून मला बोलावणे येते, तेवढाच काय तो विसावा.

तर त्या दिवशी वर्ग हसत होता आणि केशव गुरुजी खिडकीबाहेर बघत होते. हसणे आपोआप ओसरले. मग ते वळले.

"शालू, उभी राहा."

ती उभी राहिली. आता आणखी बोलणी बसणार असे तिला वाटले.

"आजोबांचा हात अजून चालतो का गं?"

शालूने एकदम मान वर केली. ही घरातली गोष्ट गुरुजींना कशी कळली, ते तिला उमगेना. "व्हय, गुरुजी. झोपेत वडत्यात. पाइंट लागला का म्हनून इचारत्यात."

"मग?"

"आजी जिथं असंल तिथनं म्हनती, लागला, पाइंटमन. मंग हात ऱ्हातो."

"बस," गुरुजी म्हणाले. ते फळ्याकडे वळले. टोक, टिंब, जागा, मुद्दा असे अर्थ त्यांनी लिहिले होते. त्यांच्याखाली त्यांनी लिहिले, हाक. इंजिनवाल्या काकांच्या पुतण्यानेही ते मुकाट्याने पाटीवर उतरवून घेतले.

मित्रांनो, माझे सांगून झाले. तुम्ही माझे अर्थ खुशाल पाठ करा, परीक्षेत लिहा. पण कुणी एखादा शब्द तुमच्यापेक्षा वेगळा उच्चारला किंवा तुमच्या कोशात नसलेल्या अर्थाने वापरला, तर लगेच हसू नका. तो शब्द त्याच्या घरी कोणते काम करतो आहे, ते आपल्याला दुरून दिसत नाही. अशा वेळी उलट्या ठेसनातल्या पाइंटमनसारखे करावे. एकदा विचारावे, आणि पलीकडून उत्तर येईपर्यंत हात काढू नये.